उजव्या हाताचे काम : हेवी मेटल गिटारविषयी वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारविषयीच्या मागील लेखानंतर आलेली बरीचशी पत्रे हेवी मेटल शिकू पाहणाऱ्या वाचकांची आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी कराडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो आणि दीड वर्षापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. मेटालिका आणि ब्लॅक सॅबथ या बँडचे अनेक रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे छोटे वाद्यतुकडे) मला येतात. टॅबशी (कोणत्या तारेवर कोठे बोट ठेवायचे हे दाखवणाऱ्या लेखनाशी) ताडून पाहिले तर एकही स्वर चुकत नाही. तरीही माझा आवाज गढूळ येतो, ध्वनिमुद्रणातल्यासारखा ठाशीव येत नाही. गेन (आवाज किती फाटावा हे ठरवणारा नॉब) पूर्ण वाढवूनही उपयोग झाला नाही. आवाजावर परिणाम घडवणारा प्रोसेसर बदलावा का?

उत्तर : प्रोसेसर आहे तोच राहू द्या. गेनचा नॉब निम्म्यावर आणा आणि तोच रिफ पुन्हा वाजवा. पहिले काही दिवस आवाज दुबळा वाटेल, कारण आजवर जे बळ आपण हाताचे समजत होता ते यंत्राचे होते. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गेन वाढवून आवाज मुद्दाम फाडताना, ध्वनिलहरींचे माथे कापले जातात. त्यामुळे मूळ स्वरात नसलेले किंवा अगदी क्षीण असलेले उपस्वर उसळून वर येतात आणि त्याच वेळी मोठ्या व लहान आवाजांतले अंतर जवळजवळ पुसले जाते. मग जोराने छेडलेली तार आणि चुकून बोट घासलेली शेजारची तार सारख्याच मोठ्याने ऐकू येतात. या वाद्यप्रकारात तार वाजवण्याला जेवढे कष्ट पडतात, तेवढेच नको असलेल्या तारा गप्प ठेवण्याला पडतात, आणि टॅबच्या कागदावर हे दुसरे काम कोठेही लिहिलेले नसते.

पॉवर कॉर्ड या शैलीच्या मुळाशी का आहे, हेही यातूनच कळते. त्यात केवळ षड्ज आणि पंचम असतात. सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार खुली वाजवली की ८२.४ हर्ट्झचा स्वर मिळतो आणि तिचा पंचम १२३.५ हर्ट्झचा असतो, म्हणजे प्रमाण जवळजवळ नेमके २:३ पडते. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार होतात. येथे वजाबाकी सुमारे ४१ हर्ट्झ येते आणि हा नेमका एक सप्तक खालचा षड्ज असतो, त्यामुळे दोन तारांच्या कॉर्डखाली कोणी खर्ज धरला आहे असा भास होतो. त्यात शुद्ध गंधार मिळवला की घडी विस्कटते. फ्रेटवरील (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरील) एका घराचे, म्हणजे एका अर्धस्वराचे, १०० सेंट मानले, तर गिटारचा पंचम नैसर्गिक पंचमापासून फक्त २ सेंट उतरलेला असतो, पण गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि साध्या आवाजात खपून जाणारा हा फरक डिस्टॉर्शनमध्ये खरखरीच्या रूपाने बाहेर येतो. तेव्हा पॉवर कॉर्ड वाजवताना तिसरी, दुसरी आणि पहिली तार तर्जनीच्या आतल्या बाजूने हलकेच झाकलेली आहे ना, हे आधी तपासा.

आता पाम म्यूटकडे, म्हणजे तळहाताने तारा अर्धवट दाबून वाजवण्याकडे, येऊ. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड तारा ब्रिजवरून (गिटारच्या अंगावर तारा धरणाऱ्या भागावरून) जेथे सुटतात अगदी तेथे टेकली पाहिजे. हात अर्धा सेंटिमीटर पिकअपकडे (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाकडे) सरकला की स्वर मरतो आणि नुसती थाप उरते. तेवढाच मागे गेला की तार मोकळी घुमू लागते. या दोन टोकांमधली जागा प्रत्येकाने आपल्या हाताने शोधायची असते, आणि मला वाटते की हेवी मेटलचा सारा रियाज या एका सेंटिमीटरभोवती फिरतो. हात टेकवा, दाबू नका. दाबल्यास स्वर चढतो, आणि तरंगता (स्प्रिंगवर तोललेला) ब्रिज असेल तर सगळ्याच तारांचा चढतो. कॉर्ड जेथे थांबायचा तेथे डाव्या बोटांचा दाब सोडा, पण बोटे तारांवरून उचलू नका, आणि त्याच क्षणी उजवा तळहात टेकवा. रिफमधली रिकामी जागा मात्रेवर पडली पाहिजे, जशी तबल्यात बंद बोलाची थाप पडते.

ध्वनिमुद्रणातील भरीवपणाचे आणखी एक कारण असते. बहुतेक मेटल अल्बममध्ये एकच वादक तोच रिफ दोनदा, कधी चार वेळा स्वतंत्रपणे वाजवतो आणि त्या फेऱ्या डाव्या-उजव्या बाजूंना ठेवल्या जातात. प्रत्येक फेरीतले गेन आपण समजतो त्यापेक्षा कमी असते आणि खालचे वजन बास गिटार पुरवते. मी स्वतः शिकाऊ असताना दोन वर्षे पूर्ण गेनवर रियाज केला होता. पहिल्यांदा एकाच रिफच्या दोन फेऱ्या ध्वनिमुद्रित केल्या तेव्हा त्या एकमेकींशी कोठेच जुळेनात, आणि ती दोन वर्षे पुन्हा पायापासून उभारावी लागली. आपण मोबाइलवर हा प्रयोग आजच करा. दोन फेऱ्या एकत्र ऐकताना एकच गिटार जाड झाल्यासारखी वाटली तर हात बरोबर आहे.

मेटालिकाच्या १९८६ मधील ‘मास्टर ऑफ पपेट्स’ची लय मिनिटाला सुमारे २१२ ठोक्यांची आहे आणि बँडचे गिटारवादक जेम्स हेटफिल्ड त्यातील मुख्य रिफ डाउनस्ट्रोकने वाजवतात, म्हणजे सेकंदाला सुमारे सात आघात, आणि सगळे वरून खाली. अपस्ट्रोक मिसळला तर तोच रिफ सोपा होतो. पण प्रत्येक आघाताचे वजन सारखे राहत नाही आणि रिफचा दरारा जातो. मेट्रोनोम १०० वर ठेवून मात्रेला दोन आघात या हिशेबाने दोन मिनिटे सलग वाजवा, मनगट सैल राहिले तरच पुढच्या दिवशी ४ ठोके वाढवा. कोपरातून जोर लावावा लागला की त्या दिवसाची मर्यादा आली असे समजा.

आयर्न मेडनच्या संगीतात वारंवार येणारा ‘गॅलप’ तबला ऐकणाऱ्याला लवकर उमगतो, कारण एका मात्रेचे चार भाग करून ‘धा ऽ ति ट’ म्हटले की तोच आकृतिबंध तयार होतो. धा आणि ति डाउनस्ट्रोकने, ट अपस्ट्रोकने वाजवावा. १ फेब्रुवारी २००८ रोजी या बँडने आपला जागतिक दौरा मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला तेव्हा मी त्या गर्दीत उभा होतो; एवढ्या विस्तीर्ण मैदानातही तो ‘ति ट’ सुटासुटा ऐकू येत होता, हे मला आजही नवल वाटते.

प्रश्न : पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. मेटलसाठी कोणती घ्यावी? (लातूर, परभणी आणि बेळगाव येथील वाचक)

उत्तर : स्थिर ब्रिज आणि ब्रिजजवळ हंबकर (दोन गुंडाळ्यांचे, गुणगुण कमी करणारे) पिकअप या दोन गोष्टी पाहा, कंपनी आणि रंग नंतर. तरंगत्या ब्रिजच्या गिटारीत एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात, आणि नवशिक्याचा रियाजाचा वेळ सूर जुळवण्यात जातो. गिटार घेतल्यावर जाणत्या कारागिराकडून तारांची उंची आणि इंटोनेशन (सर्व फ्रेटवर स्वर सुरात येणे) जुळवून घ्या. नेहमीच्या सुरात वाजवायचे असेल तर ९ ते ४२ क्रमांकाच्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेल्या जाडीच्या) तारा बोटांना सोप्या जातात. सूर खाली उतरवायचा असेल तर १० ते ४६ किंवा त्याहून जाड संच लावावा.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून चिंचवडला कारखान्यात काम करतो. तीन वर्षांपूर्वी प्रेसमध्ये सापडून माझ्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक गेले. कॉलेजच्या दिवसांत गिटार वाजवत असे. आता पुन्हा सुरू करावी असे फार वाटते, पण लोक म्हणतात की हे शक्य नाही. आपले मत काय?

उत्तर : आपण ज्या संगीताविषयी विचारता आहात, त्याचा आवाजच अशा एका अपघातातून घडला आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात १९६५ साली टोनी आयोमी हा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस भरत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताची मध्यमा आणि अनामिका यांची टोके तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे फ्रेटवर फिरणारा हात नेमका तोच होता. त्यालाही लोकांनी हेच सांगितले होते. त्याच्या कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकवली. १९२८ मध्ये लागलेल्या आगीत राइनहार्ट यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही तर्जनी व मध्यमा या दोनच बोटांवर ते अशी एकल तान घेत की ऐकणाऱ्याला उणीव जाणवत नसे.

आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि बोटांना सोसतील अशा हलक्या तारा शोधल्या. पुढे आपल्या ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७१ च्या अल्बममधील काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, म्हणजे तारा आणखी सैल झाल्या आणि आवाज जड झाला. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला, आणि आज जगभर वाजणाऱ्या जड, उतरवलेल्या गिटारीची वाट तेथून सुरू होते.

आपल्यासाठी माझा सल्ला असा. प्रथम डॉक्टरांकडून त्या टोकाची त्वचा आणि संवेदना दाब सोसण्याजोगी आहे का, हे पाहून घ्या. मग सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवून ‘ड्रॉप डी’ मध्ये वाजवायला बसा. या जुळणीत सर्वांत जाड तीन तारा एकाच बोटाने आडव्या दाबल्या की पॉवर कॉर्ड तयार होतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पूर्ण रिफ हाती येईल. नेहमीच्या जुळणीत तर्जनी आणि करंगळी यांच्यावर पॉवर कॉर्ड बसवता येतो. करंगळीला बळ यायला काही महिने लागतील. तेवढा काळ तिच्यावर घाई लादू नका. उजवा हात आपला शाबूत आहे, आणि या शैलीत पहिले मोठे काम त्याच हाताचे आहे.

प्रश्न : मी मिरजेत राहते आणि नऊ वर्षे ख्यालगायन शिकते आहे. सध्या हेवी मेटलमधील सोलो मला फार ओढ लावतात आणि मी गिटार घेतली आहे. त्यासाठी पाश्चात्त्य स्केल नव्याने पाठ करावे लागतील का? बेंडिंग (दाबलेली तार ओढून स्वर चढवणे) म्हणजे आपली मींडच ना?

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला. आपण निम्मी वाट आधीच चालून आला आहात. सोलोमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, अर्थात धानी रागाचे स्वर. फ्रिजियन म्हणजे भैरवी थाट. खुल्या सहाव्या तारेला षड्ज मानले तर पहिल्या फ्रेटवरचा कोमल रिषभ मेटलच्या कितीतरी रिफचा आधार आहे. हार्मोनिक मायनर म्हणजे किरवाणी, आणि १९८४ च्या ‘रायझिंग फोर्स’ या अल्बममध्ये स्वीडिश गिटारवादक इंग्वे माल्मस्टीन यांनी अतिद्रुत गतीने ज्या तानांची बरसात केली आहे, त्यांत हे स्वर ठायी ठायी भेटतील. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यातील प्रसिद्ध रिफ तर तीन स्वरांचा आहे: सा, तार सा आणि तीव्र मध्यम. यमनमध्ये तीव्र मध्यमाला गंधार आणि पंचमाचा शेजार असतो म्हणून तो मधुर लागतो. येथे तो षड्जासमोर एकटा उभा केला आहे, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

हे केवळ स्वरांचे साम्य आहे, राग म्हणून या सुरावटींना व्याकरण नाही, आरोह-अवरोहाची शिस्त नाही, वादी-संवादी नाहीत. त्याहून महत्त्वाचा फरक आपल्याला पहिल्या दिवसापासून जाणवेल. आपल्या संगीतात तंबोरा षड्ज धरून ठेवतो आणि प्रत्येक स्वराचे नाते त्या एका षड्जाशी असते. मेटलमध्ये सोलोखालचा रिफ सरकतो, त्याबरोबर विश्रांतीची जागाही सरकते. जो स्वर एका पॉवर कॉर्डवर घर आल्यासारखा वाटला, तोच दोन मात्रांनंतर पुढच्या कॉर्डवर उपरा होतो. यासाठी एकच लांब स्वर धरून त्याखाली तीन-चार वेगवेगळे पॉवर कॉर्ड कोणाकडून तरी वाजवून घ्या किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवा, आणि प्रत्येक ठिकाणी त्या स्वराला काय हवे आहे, कोठे जायचे आहे, हे कानाने ओळखा. आपण तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार ऐकला असेल. तो ऐकणारा कान या कामाला पुरेसा आहे.

बेंडिंग आणि मींड यांचे नाते जवळचे असले तरी दोन्ही एक नव्हेत. सतारीवर एकाच पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड घेता येते आणि दोन स्वरांमधला प्रवास हाच तिचा प्राण असतो. गिटारवरील बेंड बहुधा एका पूर्ण स्वराचा असतो आणि त्याचे यश पोहोचण्याच्या नेमकेपणावर ठरते. दोन फ्रेट पुढचा स्वर आधी साधा वाजवा, तो गुणगुणत ठेवा, मग मागे येऊन तार ओढत त्या गुणगुणलेल्या स्वराला जाऊन मिळा. अनामिकेच्या मागे मध्यमा आणि तर्जनी याही त्याच तारेवर टेकवा, अंगठा मानेवरून पुढे येऊ द्या आणि बोटे न वाकवता मनगट फिरवा, दाराची मूठ फिरवतो तसे. व्हायब्रॅटो, म्हणजे स्वराचे आंदोलन, हाही याच हालचालीतून निघतो. त्याची दोलने लयीत असावीत आणि प्रत्येक वेळी मूळ स्वरावर परतून यावीत. बेंड केलेली तार शेजारच्या तारांना ढकलते, तेव्हा वरच्या जाड तारा उजव्या तळहाताने आणि तर्जनीच्या टोकाने झाकलेल्या असल्या पाहिजेत. कोणताही सोलो गिटारला हात लावण्यापूर्वी गाऊन पाहा. हा उपाय मी सगळ्याच विद्यार्थ्यांना सांगतो, पण तो नीट अमलात आणणारे फार थोडे असतात. आपल्याला तो सहज साधेल.

प्रश्न : मला शक्य तितक्या लवकर वेग वाढवायचा आहे. रोज चार तास अल्टरनेट पिकिंग (एकाआड एक खाली-वर आघात), स्वीप (एकाच फटक्यात अनेक तारा छेडणे) आणि टॅपिंग (उजव्या हाताच्या बोटाने फ्रेटवर तार ठोकणे) करतो, पण दोन महिन्यांपासून हाताचा पुढचा भाग दुखतो. शिक्षक म्हणतात, दुखल्याशिवाय वेग येत नाही. हे खरे आहे का? (ठाणे)

उत्तर : हे खरे नाही, आणि या एका बाबतीत मी अगदी ठामपणे लिहितो आहे. स्नायूला आलेला थकवा विश्रांतीने जातो. दोन महिने टिकलेली वेदना ही इजेची सूचना असते. मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील तर गिटार बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. त्यांनी परवानगी दिल्यावर चार तासांचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा, मध्ये हात मोकळे सोडा, आणि गिटारचा पट्टा एवढा लांब ठेवा की उभे असताना गिटार बसल्या जागी असते त्याच उंचीवर येईल. कंबरेखाली लोंबणारी गिटार मंचावर रुबाबदार दिसते, पण डावे मनगट तिने दुमडते.

वेग अडतो तो बहुधा दोन हातांच्या जुळणीत. डावे बोट फ्रेटवर टेकण्याचा आणि पिक तारेला लागण्याचा क्षण एकच असेल तर स्वर स्वच्छ निघतो. थोडा पुढेमागे झाला की खरखर येते आणि मग वादक ती झाकण्यासाठी अधिक जोर लावतो. चार स्वरांचा एकच तुकडा घ्या, तो एकदा पूर्ण वेगाने वाजवा आणि थांबा, हात सैल सोडा, पुन्हा वाजवा. संथ रियाजाने स्वच्छता येते, अशा छोट्या झेपांनी वेगाची सवय होते. दोन्हींची गरज असते. पिकचे टोक बोटांबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा आणि पिक एक मिलिमीटरपेक्षा जाड घ्या.

स्वीपमध्ये पिक झाडूच्या एका फटकाऱ्यासारखी तारांवरून फिरते, पण डावी बोटे एकेक करून उचलावी लागतात, नाहीतर तान न ऐकू येता कॉर्ड ऐकू येतो. टॅपिंग एडी व्हॅन हेलन यांच्या १९७८ मधील ‘इरप्शन’मुळे घरोघरी पोहोचले, आणि सगळ्या चमकदार तंत्रांत ते सर्वांत लवकर येते, म्हणून ते शेवटी शिका. पूर्ण स्वराचा एक बेंड सुरात येईपर्यंत या दोन्हींना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. त्याला हेवी मेटल गिटारचे वेड लागले आहे. आम्ही डोंबिवलीत इमारतीत राहतो, शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात. शिवाय हे संगीत त्याच्या वयाला योग्य आहे का, अशी काळजीही वाटते.

उत्तर : आपली काळजी स्वाभाविक आहे. गाण्यांचे शब्द त्याच्याबरोबर बसून वाचा आणि त्यांविषयी मोकळेपणाने बोला. यातील काही शब्द खरोखर उग्र असतात. वादन म्हणून मात्र हे तासन्‌तास बसायला लावणारे, लय आणि सूर यांची कठोर शिस्त मागणारे काम आहे, आणि मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकसारख्या महोत्सवांतून येथील अनेक बँड घडले आहेत.

शेजाऱ्यांसाठी हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प किंवा संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस पुरेसा आहे. केबल न लावता नुसती गिटार वाजवण्याची सवय मात्र लागू देऊ नका, कारण तशा वादनात नको त्या तारांचा आवाज लपून राहतो. आठवड्यातून एकदा, दुपारी, शेजाऱ्यांना सांगून अर्धा तास खऱ्या स्पीकरवर वाजवू द्या. स्पीकरसमोर उभे राहिले की तारा आपोआप घुमू लागतात आणि त्या आवरण्याचे शिक्षण हेडफोनमध्ये मिळत नाही. त्या अर्ध्या तासात आपणही खोलीत बसा, आणि रिफ जेथे थांबतो तेथे खोली खरोखर शांत होते की काही तरी गुणगुणत राहते, एवढे ऐकून त्याला सांगा.